गोल होऊ न देणारीचे मोल

फुटबॉलच्या बातमीत गोल करणारीचे नाव आधी येते. तिने कितव्या मिनिटाला गोल केला, तेही छापले जाते. कितव्या मिनिटाला कुणी गोल होऊ दिला नाही, याची नोंद मात्र कुठे सापडत नाही. गटार तुंबले की कामगाराची आठवण होते. ते वाहते राहिले तर कुणालाच आठवण होत नाही. ज्या श्रमाचे फळ 'काही बिघडले नाही' एवढेच असते, त्या श्रमासाठी आपल्या समाजाच्या वहीत रकाना नाही. बचावपटू स्त्रीच्या व्यवसायाचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो.

साकीनाक्याला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली सरळ विचारतात, "बाई, यात पोट भरतं का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी काम समजून घेऊ, मग दाम.

बचावपटू गोलरक्षकाच्या पुढे उभी असते. चेंडू अडवणे हा तिच्या कामाचा लहानसा भाग. चेंडू कुठे येणार हे ओळखून आधीच तिथे पोहोचणे, हे खरे काम. शेजारीण पुढे सरसावली की तिची मोकळी झालेली जागा भरायची. संपूर्ण रांग एकाच वेळी पुढे-मागे न्यायची, म्हणजे समोरची आघाडीची खेळाडू ऑफसाइडमध्ये सापडते. रांगेतली एक जरी मागे रेंगाळली तरी सगळ्यांची मेहनत वाया जाते. त्यामुळे मधल्या बचावपटूला नव्वद मिनिटे ओरडून सांगत राहावे लागते. हे सामूहिक शिस्तीचे काम आहे आणि ते एकटीने घराच्या ओट्यावर शिकता येत नाही.

हे काम करणारी भारतातली सर्वांत मोठी नोंद लोइतोंगबम आशालता देवी यांची आहे. त्यांचा जन्म 1993 साली मणिपूरमध्ये झाला. 2011 पासून त्या देशाकडून खेळू लागल्या आणि पुढे कर्णधार झाल्या. 2018-19 साठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवले. 2019 च्या आशियाई पुरस्कारासाठी अंतिम तिघींत त्या होत्या. ऑक्टोबर 2024 मध्ये काठमांडूला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. हा पल्ला गाठणारी ही पहिली भारतीय स्त्री.

जानेवारी 2022 मध्ये आशियाई महिला चषक आपल्या दारी आला. सामने नवी मुंबई, अंधेरी आणि पुणे येथे झाले. 20 जानेवारीला नवी मुंबईत आशालता यांच्या नेतृत्वाखाली भारताने इराणशी 0-0 बरोबरी केली. भारताच्या बचावफळीने गोल होऊ दिला नाही. तीन दिवसांनी कोविडमुळे संघाला तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. भारताने माघार घेतली असे मानले गेले आणि इराणविरुद्धचा सामनाही रद्दबातल ठरला. 2023 च्या विश्वचषकाकडे जाणारी वाट तिथेच बंद झाली. नव्वद मिनिटांचे श्रम गुणतक्त्यातून पुसले गेले.

आता दाम. राष्ट्रीय महिला लीग भारतात 2016-17 च्या हंगामात सुरू झाली. त्याआधी 2015 मध्ये आशालता यांना क्लबचा खेळ खेळायला मालदीवला जावे लागले. राष्ट्रीय स्पर्धेत त्या रेल्वेकडून खेळल्या. पुढे गोकुलम केरळ, मग ईस्ट बंगाल. लीगही सुरुवातीला काही आठवड्यांत उरकत असे. घरच्या आणि परक्या मैदानांवर फिरती लीग 2023-24 मध्ये सुरू झाली. त्याच हंगामापासून लीगमधील प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान 3.2 लाख रुपयांचा करार करावा, असे महासंघाने ठरवले. महिन्याला हे 26 हजारांच्या आसपास होतात. पोट भरते, पण ज्यांना करार मिळतो त्यांचेच. अकरावी मुलगी या हिशेबाबाहेर राहू शकते.

करारापर्यंत पोहोचायला मात्र मैदान लागते. इंग्लंडमध्ये डिसेंबर 1920 मध्ये स्त्रियांचा एक सामना पाहायला 53 हजार लोक आले. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. खेळू नका असे म्हणण्याची गरजच पडली नाही; उभे राहायला जागा दिली नाही की पुरे. पाणवठ्याचा इतिहास ठाऊक असलेल्यांना ही युक्ती नवी वाटू नये. उलट उदाहरण मणिपूरचे. वस्तीवस्तीतल्या क्लबांतून मुली खेळतात, आणि हे छोटे राज्य राष्ट्रीय महिला स्पर्धा वीसहून अधिक वेळा जिंकले आहे.

साकीनाक्यात असा बंदीहुकूम कुणी काढलेला नाही. तो काढावा लागतच नाही. खैरानी रोडवर कारखाने, गोदामे आणि घरे एकमेकांना खेटून आहेत. जी मोकळी जागा उरते ती मुलग्यांच्या क्रिकेटने भरते. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की संध्याकाळचा तास पाण्याचा, धाकट्या भावंडांचा आणि स्वयंपाकाचा होतो. अंधेरीचे क्रीडासंकुल मेट्रोने सहावे स्टेशन आहे, पण रोजचे जाण्यायेण्याचे भाडे आणि तो मोकळा तास आणायचा कुठून?

म्हणून माझे कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना सांगणे आहे की, मुलींचे कौतुक करून थांबू नका. पालिकेच्या शाळेचे पटांगण आठवड्यातून तीन संध्याकाळी फक्त मुलींसाठी मागा. शिकवायला पगारी प्रशिक्षक स्त्री मागा. घरोघरी जाऊन त्या तासाची कामे भावांनी करावीत, हे आईबापांना पटवा. आणि संघ उभा राहिला की पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: त्यात गोल करणारीइतकेच ठळक, गोल अडवणारीचेही नाव लिहा.