भडोच बंदर आणि सुर्जी-अंजनगावचा तह

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते तेथील तहामुळे. असई, अडगाव व गाविलगड येथील पराभवांनंतर दौलतराव शिंदे यांनी ३० डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांशी हा तह केला. गंगा-यमुनेचा दुआब आणि अहमदनगरचा किल्ला गेला, हे विद्यार्थी पाठ करतात. त्याच यादीतील भडोचचे नाव मात्र घाईने वाचले जाते. वास्तविक, त्या एका नावामागे अठराशे वर्षांचा सागरी व्यापार उभा होता.

भडोच, म्हणजे प्राचीन भरुकच्छ, नर्मदेच्या उत्तर तीरावर, मुखापासून बरेच आत वसले आहे. ग्रीक खलाशी त्यास ‘बारिगाझा’ म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारविषयक माहितीपुस्तकात या बंदराचे वर्णन सर्वांत सविस्तर आहे. आणि ते मुळीच प्रशंसापर नाही! खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटी इतकी प्रचंड की, परका तांडेल एकट्याने जहाज आत आणण्यास धजत नसे. म्हणून राजाच्या सेवेतील स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. भरतीबरोबर ते जहाज ओढीत आणि ओहोटी लागताच ठरावीक डोहात नांगरून ठेवीत. अशा मजला करीत जहाज धक्क्यास लागे.

इतके गैरसोयीचे बंदर नावारूपास का यावे? याचे उत्तर त्याच्या पाठीमागील मुलखात सापडते. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तेर, असे पेरिप्लसकार सांगतो. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून जाडेभरडे तसेच तलम सुती कापड बैलगाड्यांतून, बिकट वाटांनी भडोचला जाई. उलट दिशेने इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी येत. रोमन नाणी स्थानिक चलनात बदलून देण्यात व्यापाऱ्यांना चांगला नफा होई. निर्यातीच्या यादीत हस्तिदंत आणि कापडाबरोबर पिंपळीही आहे. आज अंजनगाव सुर्जी आणि अकोटच्या परिसरात बारी समाजातील शेतकरी पानमळ्यांबरोबर पानपिंपरी घेतात, ती हीच वनस्पती, हे येथील शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे.

परदेशी व्यापाराने या शहराचे राजकारणही घडविले. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भडोच, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्या, नद्यांवर फुकट तरींची सोय केली, असे नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेख सांगतो. हे दानधर्माचे काम खरेच. परंतु भडोच आणि सोपारा ही दोन्ही बंदरे त्या यादीत असल्याने व्यापारी मार्गांची व्यवस्थाही त्यात दिसते. दुसरीकडे, सातवाहनांच्या कल्याण बंदरात चुकून शिरलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेण्यात येई. या स्पर्धेचा शेवट गौतमीपुत्र सातकर्णीने केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे.

पुढे युरोपीय आले. इंग्रजांनी १६१६ मध्ये भडोचला वखार घातली, ती प्रामुख्याने कापडासाठी. १७७२ मध्ये त्यांनी नबाबाकडून शहर जिंकून घेतले आणि १७८३ मध्ये ते महादजी शिंदे यांना दिले. साल्बाईच्या तहात महादजींनी केलेल्या मध्यस्थीचा तो मोबदला होता. वीस वर्षांनी मात्र गव्हर्नर जनरल वेलस्ली यांना शिंद्यांच्या फौजेतील फ्रेंच अधिकाऱ्यांची धास्ती वाटू लागली. समुद्रकिनाऱ्यावर शिंद्यांचे बंदर असणे म्हणजे फ्रेंचांस दार उघडे असणे, हा त्यांचा हिशेब होता. म्हणूनच युद्धाच्या पहिल्याच महिन्यात, २९ ऑगस्ट १८०३ रोजी, कर्नल वुडिंग्टन याने भडोच काबीज केले. असईची लढाई त्यानंतर जवळजवळ महिन्याने झाली. अंजनगावी त्यावर केवळ शिक्कामोर्तब झाले.

तहानंतर भडोचला पूर्वीचे महत्त्व पुन्हा आले नाही. नर्मदेच्या मुखाशी गाळ साचत होता, जहाजे मोठी होत होती आणि व्यापार मुंबईकडे वळला. वऱ्हाडचा कापूसही त्याच वाटेला लागला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे त्याला परदेशातून अभूतपूर्व मागणी आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. पुढे मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंदमापी गाडी अंजनगावावरूनच जाऊ लागली आणि कापसाच्या गाठी मुंबईच्या मार्गाला लागल्या. लिव्हरपूलच्या बाजारात तेव्हा हिंदी कापसाच्या प्रतींची नावे पुकारली जात. त्यांत ‘ब्रोच’ म्हणजे भडोच आणि ‘उमरा’ म्हणजे उमरावती, आपली अमरावती, ही दोन्ही होती.