तट आणि तोफा (भाग 14) : उलटलेला सुरुंग

वासोट्याच्या उखळी तोफा या आठवड्यात डागायच्या होत्या. त्या पुढे ढकलतो. वसंतगडावरचा मागचा लेख वाचून कडेगावकडच्या एका वाचकांनी असा प्रश्न विचारलाय की तो बाजूला ठेववत नाही. त्यांचा धंदा विहिरी खोदण्याचा. ते म्हणतात, ‘सुरुंग लावून बुरूज उडवला, असं तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे होता. आम्हाला कॉम्प्रेसर आणि जिलेटिन हाताशी असून काळ्या कातळात दहा फूट उतरताना घाम फुटतो. त्या काळी छिन्नी-सुतकीवर डोंगराच्या पोटात शिरायचे कसे? आणि साध्या काळ्या दारूनं कातळ हलायचा का?’

हलायचा. पण कुठल्या बाजूला हलेल, हे मात्र लावणाऱ्याच्या हातात नसायचं. साताऱ्याच्या वेढ्यात नेमकं तेच घडलं, म्हणून आजचा सगळा लेख त्या एका सकाळीला देतो.

वसंतगड घेऊन औरंगजेब बादशहानं त्याचं नाव ‘किलीद-इ-फतह’ ठेवलं, तिथं आपण थांबलो होतो. डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेब साताऱ्याला पोहोचला. स्वतःचा तळ त्यानं करंज्याला टाकला आणि शहजादा आजम, तरबियतखान वगैरेंना डोंगराच्या वेगवेगळ्या अंगांना बसवलं. वर किल्ल्यावर गडाचा हवालदार प्रयागजी प्रभू. तरबियतखान हा मोगल तोफखान्याचा मुख्य, ‘मीर आतिश’. ज्याच्या हाताखाली बादशाही तोफा, तोच माणूस साताऱ्याला येऊन बोगदे खणत बसला, यातच डोंगरी किल्ल्याचं मर्म आहे. खालून वर मारलेला गोळा तटापर्यंत पोहोचेतो दमलेला असतो. तोफ वर चढवायची तर चढणीवर वरून धोंडे सुटतात. ग्रँट डफनं लिहून ठेवलंय की गडकऱ्यांनी लोटलेल्या या धोंड्यांनी तोफांइतकाच संहार केला. हा डफ 1818 नंतर साताऱ्यातच इंग्रजांचा रेसिडेंट होता, साताऱ्याचा हा किल्ला, म्हणजे अजिंक्यतारा, रोज त्याच्या डोळ्यांसमोर. वेढ्याचं वर्णन करताना त्याला डोंगराचा चढ कल्पनेनं रंगवावा लागत नाही, म्हणून या एका प्रकरणात मी त्याला झुकतं माप देतो.

तरबियतखानानं निवडला ईशान्येचा बुरूज. डफ त्याची उंची 67 फूट देतो : खाली 42 फूट उभा कातळ, वर 25 फूट बांधकाम. हे दोन आकडे एकत्र वाचावेत. तोफेनं वरचं 25 फूट बांधकाम ढासळलं, तरी खालचा 42 फुटांचा कडा जागेवरच. त्याला शिडी लावून चढणं म्हणजे धोंड्याखाली आपण होऊन डोकं देणं. म्हणून बांधकामाचा नाद सोडून कातळालाच हात घालायचा, असा खानाचा हिशेब होता. चार-साडेचार महिने वेढा चालला. समोर लाकूड, माती रचून दमदमा उभारला, त्याच्या आडोशानं माणसं कड्याला भिडली आणि आत पोखरत गेली. म्हणजे कडेगावच्या पाव्हण्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : रेटून माणसं लावायची, महिने घालवायचे, आणि मेलेल्यांचा हिशेब ठेवायचा नाही.

सुरुंगाचं तंत्र दारूच्याही आधीचं. तटाखाली भुयार खणायचं, छत लाकडी खांबांवर तोलायचं, शेवटी खांब पेटवून द्यायचे, की वरचा तट बसलाच. इंग्लंडच्या जॉन राजानं 1215 मध्ये रॉचेस्टरच्या किल्ल्याखाली हे केलं. जाळ चांगला व्हावा म्हणून त्यानं 40 लठ्ठ डुकरं मागवली, त्यांच्या चरबीनं खांब पेटवले आणि मुख्य बुरुजाचा एक कोपरा खाली आला. पुढे तो कोपरा गोल बांधला, बाकीचे चौकोनीच राहिले. आजही ते तसंच दिसतं. पण हा प्रकार मातीत चालतो. सह्याद्रीच्या कातळात खणलेलं भुयार खांब जाळून कोसळणार नाही, ते लेण्यासारखं शतकानुशतकं उभं राहील. इथं दारूच हवी.

आता दुसरा प्रश्न. जिलेटिन कातळाच्या ठिकऱ्या उडवतं, कारण त्याचा झटका क्षणात बसतो. सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू त्या मानानं सावकाश जळते. तिचा धूर फुगतो आणि खडकाला रेटतो. या रेट्याला जिथं कमी अडथळा, तिथून तो बाहेर पडतो. म्हणून दारू भरल्यावर भुयाराचं तोंड दगड-चिखलानं ठासून बुजवावं लागतं. विहीर खोदणाऱ्याला ठासणीचं महत्त्व मी सांगायला नको. सपाटीवरच्या किल्ल्यात तटाखाली शिरलं की दारूच्या चारी अंगांना माती असते, वरचा तट हाच त्यातल्या त्यात कमजोर भाग. कड्यात मात्र भुयार उताराच्या अंगानं आत जातं. बाहेरच्या बाजूला उरतं ते जेमतेम कातळाचं कवच, तेही खणताना खिळखिळं झालेलं, आणि वरच्या अंगाला 42 फूट अखंड पाषाण. दारूनं कुठली वाट धरावी? माझं मत विचाराल तर खानाचा सुरुंग उलटला यात नवल काहीच नाही. मिरजेसारख्या भुईकोटात गोष्ट वेगळी, तिथं भुयाराचा शत्रू म्हणजे खंदक. पण मिरजेला शाहू महाराजांच्या 1739 च्या स्वारीबरोबर जाऊच.

13 एप्रिल 1700. हल्ल्याची फौज कड्याखाली दबा धरून उभी. डफ म्हणतो, तमाशा पाहायला बादशहा मोठ्या लवाजम्यानं निघाला, आणि तो थाट बघायला गडावरची माणसं तटावर गोळा झाली, खुद्द प्रयागजीही त्यांत. पहिल्या सुरुंगाला बत्ती दिली. कातळाला भेगा पडल्या, बांधकाम आतल्या बाजूला कोसळलं, तटावरचे बरेच जण त्याखाली चिरडले. प्रयागजी भवानीच्या देवळाजवळ ढिगाऱ्यात गाडला गेला. त्याला नंतर जिवंत उकरून काढलं, गडकऱ्यांना तो शकुनच वाटला. इथवर सगळं खानाच्या मनासारखं चाललं होतं. मग दुसरा, मोठा सुरुंग उडाला आणि तो फुटला बाहेरच्या बाजूला. कडा आणि बुरूज खाली दबा धरून बसलेल्या फौजेवरच आला. 2000च्या वर मोगल मेले.

तटाला खिंडार मात्र पडलं होतं. इतिहासकार जदुनाथ सरकारांच्या ग्रंथात पुढचा प्रसंग आहे : बादशाही बाजूनं लढणारा बाजी चव्हाण डफळे काही जणांना घेऊन वर पोहोचला. हे डफळे जतचे, आजच्या सांगली जिल्ह्यातले. वरून ते ओरडत होते की इथं कुणी नाही, या. खालची फौज भेदरून गेली होती, कुणी हललं नाही. तेवढ्यात गडकरी सावरले आणि वर चढलेल्यांचा निकाल लागला. मोगल इतिहासकार खाफीखान आणखी एक गोष्ट सांगतो, ती माझ्या मते या वेढ्यातली सगळ्यात बोलकी. ज्यांचे भाऊ, मुलगे ढिगाऱ्याखाली गेले त्या बादशाही पायदळातल्याच लोकांनी रात्री दमदमा पेटवून दिला. महिनोन्‌महिने रचलेलं लाकूड दिवसचे दिवस जळत राहिलं.

मोगलांना हा धडा नवा नव्हता. 17 डिसेंबर 1567 ला चितोडखाली अकबरानं दोन सुरुंग भरले होते. पहिला उडताच शिपाई खिंडारात घुसले आणि मागाहून उडालेल्या दुसऱ्यानं आपल्याच 200च्या आसपास माणसांचा घास घेतला. त्या वेळी घोळ बत्तीचा होता, साताऱ्याला दिशेचा. पण उरलेली दारू उडायच्या आत शिपाई जवळ आणून ठेवण्याची घाई दोन्हीकडे तीच.

याउलट सुरुंगाचा शहाणा वापर हवा असेल तर रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र काढावं. किल्ल्याला लागून दुसरा डोंगर असू नये, असला तर सुरुंग लावून तो कमी करावा, ते न जमलं तर तोही बांधून घ्यावा, असं ते बजावतात. यामागं अनुभव आहे. खानापूर तालुक्यातल्या बाणूरच्या भूपाळगडावर 1679 च्या एप्रिलमध्ये दिलेरखानानं शेजारच्या टेकडीवर तोफा ओढून नेल्या, आणि फिरंगोजी नरसाळ्याच्या हाताखालचा तो किल्ला एका सकाळीत पडला. तिथं सुरुंगाची गरजच भासली नाही.

सातारा शेवटी पडला तो ना बुरुजानं, ना बत्तीनं. 2 मार्चला सिंहगडावर राजाराम महाराज गेले होते आणि गडावरचं धान्य संपत आलं होतं. इतके दिवस ते पुरलं कसं, याचं उत्तर डफ देतो : जवळच्या परळी किल्ल्यावरून मराठ्यांचे परशुराम त्र्यंबक रसद पाठवत होते, आणि तिच्याकडे काणाडोळा करावा म्हणून त्यांनी शहजादा आजमलाच पैसे चारले होते. पुढे तहाची बोलणीही आजमच्याच मध्यस्थीनं झाली. 21 एप्रिलला किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला आणि बादशहानं त्याला मुलाचं नाव दिलं : आजमतारा.