नारायणगाव : जिथे गावजत्रेच्या रात्री ठरतात

विदर्भातल्या माणसाला वडसा ठाऊक असतं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे तिकडची जत्रा, भरू लागली की झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटकं ठरवायला गावोगावचे लोक वडशाला धाव घेतात. पश्चिम महाराष्ट्रात हाच मान पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचा, फक्त हंगाम उन्हाळ्याचा आणि खेळ तमाशाचा. पुणे-नाशिक महामार्गावर, मीना नदीकाठी वसलेलं जुन्नर तालुक्यातलं हे गाव टोमॅटोच्या बाजारासाठी आणि द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. तमाशावाले मात्र त्याला ‘तमाशाची पंढरी’ म्हणतात.

गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात. दाराशी फडाच्या नावाचा फलक, कलावंतांची रंगीत पोस्टरं आणि आत टेबलावर तारखांची वही. जीप भरून आलेली यात्रा कमिटीची माणसं एका राहुटीतून दुसरीत जातात, भाव काढतात, घासाघीस करतात. जमलं की इसार देऊन सुपारी पक्की होते. नावाजलेल्या फडाची एका रात्रीची सुपारी लाखांच्या घरात जाते. हा पैसा गावच्या लोकवर्गणीतून येतो, म्हणून खेळ उघड्या मैदानात आणि सगळ्यांना फुकट असतो.

भाव ठरतो तो तिथीवर. चैत्री पौर्णिमा आणि चैत्र वद्य अष्टमी या दिवशी असंख्य गावांच्या जत्रा एकदमच येतात. त्या रात्रीसाठी एकाच फडाकडे अनेक गावं हात पुढे करतात आणि आकडा चढतो. आडवारी तोच फड बराच स्वस्तात मिळतो. दसऱ्याला फड बाहेर पडतात, पाडव्यापर्यंत तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतात; पण मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं, शिवाय ट्रक, जनरेटर, रोजचा शिधा; एवढ्या खर्चाला तिकिटाची कमाई पुरत नाही. कलावंतांना हंगामाआधी दिलेली उचल बहुतेकदा सावकाराकडूनच आणलेली असते. ते देणं फिटतं की नाही, हे चैत्र-वैशाखातल्या सुपाऱ्यांवर ठरतं.

जत्रेच्या रात्री पालखीचा छबिना निघतो, मग ढोलकी कडाडते. गण, गवळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे तमाशातलं नाट्य. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाचा हजेरीचा खेळ आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. पूर्वी वग उजाडेपर्यंत रंगायचा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आल्यापासून सगळ्यात आधी कात्री लागते ती वगालाच, म्हणजे ज्यात नटाचा खरा कस लागतो त्याच भागाला.

या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं ते भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने आणि पुढे भाऊंच्या कन्या विठाबाईंनी. विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपूरचा. खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत होऊन त्यांनी दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिकत तमाशाच्या दुनियेत आजही सांगितली जाते. अखेरचा काळ हलाखीत काढून १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड नावारूपाला आणला.

हा धंदा किती नाजूक आहे ते २०२० मध्ये दिसलं. त्या वर्षी पाडवा आला २५ मार्चला, देशभरच्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. जत्रा रद्द झाल्या, फड माळावर अडकले. पुढच्या वर्षी पाडवा झाला आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा निर्बंध लागले. ऐन कमाईचे दोन उन्हाळे हातचे गेले. तिकिटाची वाईट रात्र फड पचवतो, बुडालेला चैत्र पचत नाही.

म्हणूनच या कलेला जगवण्यात शासनाच्या पुरस्काराहून यात्रा कमिटीच्या पावतीपुस्तकाचा वाटा मोठा आहे. नारायणगावला जायचं ते पाडव्याच्या आगेमागे, राहुट्यांमधली घासाघीस बघायला. तमाशा बघायचा असेल तर तिथेच चौकशी करावी, आज कुठल्या गावची जत्रा आहे, आणि त्या गावची वाट धरावी. बसायला सतरंजी आपली आपण न्यावी.