ताटामागचे हात : 7
काजूच्या टरफलाआड

मागच्या लेखात दुधाच्या धंद्यात वासरांच्या आणि भाकड गुरांच्या वाट्याला काय येतं, ते पाहिलं. त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो : दूध-पनीर सोडून व्हीगन झालं की सुटलो का? जनावरांपुरते बऱ्याच अंशी सुटतो, आणि ती लहान गोष्ट नाही. 1944 मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली. आपल्या सोयीसाठी दुसऱ्या जिवाला राबवायचं नाही, हा या विचाराचा गाभा मला मनापासून पटतो. म्हणूनच तो अर्ध्यावर सोडवत नाही. राबणाऱ्या जिवांत माणूसही येतो.

व्हीगन स्वयंपाकघरात दुधाची जागा ज्यांनी घेतली, त्यात काजू पुढे आहे. चीज, क्रीम, पांढरी ग्रेव्ही, सगळं काजू भिजवून वाटून होतं. आज याच काजूच्या मागे जाऊ.

काजू बीचं टरफल दुपदरी असतं आणि त्या दोन पदरांच्या मधल्या पोकळीत दाट, काळपट तेल असतं. त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल ही द्रव्यं असतात. हे तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखी आग होते, फोड येतात, साल निघते. गाड्यांच्या ब्रेकचे पट्टे आणि रंग-वार्निश बनवायलाही ते वापरतात. अशा टरफलातून पांढरा गर अखंड बाहेर काढायचा, हेच या धंद्यातलं मुख्य काम.

आपल्याकडच्या लहान कारखान्यांत बिया आधी वाफवून सुकवतात. मग बाई कटरसमोर बसते. एका हाताने बी दोन पात्यांच्या मध्ये धरायची, पायाने पट्टी दाबायची, दुसऱ्या हाताने दांडा ओढून टरफल उकलायचं आणि अडकलेला गर टोकदार सळईने सोडवायचा. गर तुटला की त्याचा तुकडा होतो आणि भाव पडतो. दुकानात आपण '320 नंबर' काजू मागतो, त्याचा अर्थ एका पौंडात साधारण 320 गर. म्हणजे किलोत सुमारे 700. पाव किलो काजूची ग्रेव्ही केली, तर कोणाच्या तरी हातून ही कृती पावणेदोनशे वेळा झालेली असते. पुढे गर सुकवून वरची तांबूस साल काढायची आणि प्रतवारी करायची, तेही बहुतेक ठिकाणी बायकाच करतात.

हातमोजे का घालत नाहीत? मोजे घातले की बोटांचा वेग कमी होतो आणि मजुरी बहुतेक ठिकाणी किलोवर मिळते. वेग कमी म्हणजे पैसे कमी. मग हाताला तेल किंवा राख चोळून काम चालतं.

केरळातलं कोल्लम हे या उद्योगाचं जुनं केंद्र. तिथल्या कामगार स्त्रियांच्या 1930 पासूनच्या इतिहासावर ॲना लिंडबर्ग या स्वीडिश अभ्यासिकेने मोठं काम केलं आहे. जातीची उतरंड कारखान्यातही कशी टिकली, ते तिने दाखवलं. टरफल फोडण्याचं, हात जाळणारं काम प्रामुख्याने दलित स्त्रियांकडे होतं. सोलणं आणि प्रतवारी ही त्यामानाने स्वच्छ कामं इतर जातींच्या बायकांकडे. मिळवता तो पुरुष, बाईची मजुरी म्हणजे घराला नुसता हातभार, या समजुतीवर तिचे दर खाली राहिले. किमान वेतन लागू करण्याची वेळ आली की काम सीमेपलीकडे तमिळनाडूत हलवायचं, ही वाटही कारखानदारांनी वापरली.

देशाबाहेरही हेच घडतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मोझांबिक काजूत जगात आघाडीवर होतं. पुढे यादवी युद्धाने धंदा खिळखिळा झाला. 1990 च्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहावरून कच्च्या काजूवरचा निर्यात कर उतरवला गेला, तेव्हा तिथला माल भारतातल्या कारखान्यांकडे वळला, मोझांबिकचे कारखाने बंद पडले आणि हजारो कामगारांची रोजी गेली. शेतकऱ्याला जादा भाव मिळेल हे आश्वासन होतं. प्रत्यक्षात पदरात फारच थोडं पडलं. आज आफ्रिकेतला आयव्हरी कोस्ट कच्च्या काजूत जगात पहिला आहे, पण बराचसा माल व्हिएतनाम आणि भारताकडे जातो आणि प्रक्रियेचा नफाही त्याच्यासोबत जातो. तोच स्वस्त आयात माल आला की सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या बागायतदाराचा भाव कोसळतो. व्हिएतनाममधल्या व्यसनमुक्ती केंद्रांत डांबलेल्या लोकांकडून सक्तीने काजू सोलून घेतले जात असल्याचं ह्यूमन राइट्स वॉचने 2011 मध्ये उघड केलं होतं.

बागेतली गोष्ट याहून भयंकर आहे. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजू बागांवर 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 2000 पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं गेलं. खाली गावं होती, विहिरी होत्या, ओढे होते. जन्मजात व्यंगं आणि मज्जासंस्थेचे विकार घेऊन तिथे मुलं जन्मली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कीटकनाशकावर देशभर बंदी घातली. 2017 मध्ये प्रत्येक पीडिताला 5 लाख रुपये द्यायला सांगितलं. 2022 मध्येही बहुतेकांपर्यंत ही भरपाई पोचली नव्हती आणि न्यायालयाला केरळ सरकारला पुन्हा खडसवावं लागलं.

मग काजू खायचाच नाही का? मला ते उत्तर वाटत नाही. काजूवर बहिष्कार घातला तर पहिली चूल विझेल ती कटरवर बसणाऱ्या बाईची. मोझांबिकने हे सोसलं आहे. आपण ग्राहक म्हणून वेगळा आग्रह धरू शकतो. रोजच्या रश्श्याला तीळ, शेंगदाणे, ओलं खोबरं आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेच. काजू प्रसंगाने घ्यावा आणि घेताना योग्य दाम मोजावा. तुकडा काजू आवर्जून घ्यावा, कारण वाटणात अखंड गर लागत नाही. आणि दुकानदाराला, कंपनीला विचारावं : माल कुठे फोडला, मजुरी किती, हातमोजे दिले तर दर वाढवून दिला का? व्हीगनचा शिक्का लावून महाग माल विकणाऱ्याला तर हे विचारायलाच हवं. करुणेच्या नावाने तो जादा पैसे घेतो, तर तिचा हिशेबही त्याने द्यायला हवा.

प्राण्याला वाचवणारं ताट चांगलं आहे. ते माणसाला भाजून आलेलं नसेल, तेव्हाच त्याला नैतिक म्हणता येईल. पुढच्या आठवड्यात बिस्किटापासून साबणापर्यंत सगळीकडे शिरलेल्या पाम तेलाकडे वळू.