माजलगावच्या ओव्या, दुसऱ्यांदा

दक्षिण आफ्रिकन गायिका मिरियम मकेबाची ‘पाटा पाटा’ ही १९६७ची एलपी लंडनच्या स्ट्रट कंपनीने २०१९मध्ये पुन्हा काढली. तिच्यात तीच गाणी दोनदा आहेत, एकदा मोनो आणि एकदा स्टिरिओ. त्या काळी कंपन्या दोन्ही प्रकारच्या रेकॉर्डी विकत आणि दोन्हींतला आवाजांचा मेळ वेगळा बसवलेला असे. म्हणून जुनी रेकॉर्ड पुन्हा काढणाऱ्याला आधी टेपा शोधाव्या लागतात आणि हातात आलेली टेप नेमकी कोणती, हे ओळखावं लागतं. मग लॅकरचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर खाच कापतात. खाच मध्याकडे सरकते तसा प्रत्येक फेऱ्याचा घेर कमी होतो, त्यामुळे शेवटच्या गाण्यात उंच सूर फाटण्याची भीती असते. कापणाऱ्याचं सगळं कसब तिथे लागतं. त्या तबकडीवर चांदीचा पातळ थर, त्यावर निकेल, निकेलचा साचा, आणि साच्यांमध्ये वाफेच्या उष्णतेने दाबलेला पीव्हीसीचा गोळा. एवढं झालं की रेकॉर्ड तयार.

मकेबाच्या बाबतीत हे काम केवळ कारागिरीचं राहत नाही. आईच्या अंत्यविधीसाठी १९६०मध्ये ती परत निघाली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तिचा पासपोर्ट रद्द केल्याचं तिला कळलं. १९६३मध्ये तिने संयुक्त राष्ट्रांसमोर वर्णभेदाविरुद्ध साक्ष दिली, आणि मायदेशात तिच्या रेकॉर्डींवर बंदी आली. १९९०मध्ये ती घरी परतली. मधली तीस वर्षं तिचा आवाज जगभर फिरला. ज्यांच्या भाषेत ती गात होती त्यांनाच तो उघडपणे ऐकता येत नव्हता.

बीड जिल्ह्यात याच जातीचं काम झालं आहे, तबकडीशिवाय.

२ एप्रिल १९९६ रोजी माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेपवर उतरल्या. ध्वनिमुद्रण करणारे बर्नार्ड बेल हे फ्रान्सचे, संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे. त्यामागे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभं केलेलं मोठं काम होतं. गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या या प्रकल्पात लिहून घेतल्या गेल्या. पॉइटवँ २००४मध्ये गेले, राईरकर २०१०मध्ये. कागद, टेपा आणि संगणकातली सूची मागे उरली. ग्रामीण भारताचं लोकसंग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘पारी’ने ते काम हाती घेतलं आणि मार्च २०१७पासून या ओव्या ध्वनीसह लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली.

खरी मेहनत कागद आणि टेप यांची गाठ घालण्यात आहे. कागदावर ओवी दोन ओळींची. गाताना बाई त्या दोन ओळी तशाच म्हणत नाही. अर्धी ओळ दोनदा घेते, मध्येच ‘बाई’, ‘गं’ घालते, एखादं पालुपद आणून बसवते, दुसरी बाई शेवटचे शब्द उचलते. याला बायका ‘गळा’ म्हणतात. एकच ओवी दोन गळ्यांवर गायली तर कानाला दोन गाणी वाटावीत. ऐकणाऱ्याने या सगळ्या फेऱ्यांतून मूळची ओवी ओळखायची आणि सूचीतल्या क्रमांकाशी जुळवायची. कागदावर नसलेली ओवी टेपवर सापडली तर ती नव्याने नोंदवायची. माजलगावची बाई जिथे ‘न’ म्हणते तिथे पुस्तकी ‘ण’ घालायचा मोह आवरायचा. घाईने करता येण्यासारखं हे काम नाही. हे काम चांगल्या कानाच्या आणि जात्याची सवय असलेल्या माणसाचं.

भीमनगरच्या ओव्यांना विशेष मोल आहे. जात्यावर सासर-माहेर, भाऊ, विठ्ठल-रखुमाई हे विषय महाराष्ट्रभर. इथे पहिल्या ओव्या बाबासाहेबांना, रमाईला आणि बुद्धाला वाहिलेल्या. १९५६च्या धर्मांतराचा अर्थ नवबौद्ध बायकांनी दळता दळता कसा लावला, हे त्यांच्याच शब्दांत ऐकायला मिळतं. सभेतली भाषणं छापली गेली, शाहिरांच्या गाण्यांच्या पुस्तिका निघाल्या. पहाटे जात्यापाशी झालेला हा विचार टेप नसती तर दळणाबरोबर संपला असता, कारण गावात गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं.

म्हणूनच प्रत्येक ध्वनिफितीखाली येणारी नोंद गाण्याइतकीच वाचण्यासारखी आहे. गायिकेचं नाव, गाव, वस्ती, तालुका, जिल्हा, जात, वय, शिक्षण, मुलं, व्यवसाय आणि ध्वनिमुद्रणाची तारीख. लोकगीतांच्या किती संग्रहांत ‘पारंपरिक’ एवढा एकच शब्द छापून गाणारणीला पुसून टाकलं गेलं! ओवी परंपरेची असेल, पण ती त्या दिवशी कुणी निवडली, कोणत्या गळ्यावर घेतली, पुढे कोणती जोडली, हे त्या बाईचं कर्तृत्व आहे. मकेबाच्या एलपीच्या वेष्टनावर तिचा चेहरा आणि नाव ठळक असतं. भीमनगरच्या बायकांना तोच मान या नोंदीतून मिळतो.

२०१७मध्ये ‘पारी’ची माणसं माजलगावला पुन्हा गेली. टेपवरच्या काही गायिका भेटल्या, त्यांची छायाचित्रं घेतली गेली आणि त्यांचं गाणं नव्याने चित्रित झालं. एकवीस वर्षांत आवाज खाली उतरतो, दम कमी पुरतो, काही ओव्या विसरलेल्या असतात. म्हणून जुन्या फितीची जागा नव्या चित्रणाला दिली नाही, हे योग्य झालं. नोंदीत १९९६ची तारीख जशीच्या तशी आहे.