सांध्यात उपजणारा व्यत्यय

भुयारी मेट्रो स्थानक, विमानतळ किंवा मॉल अशा बंदिस्त जागेत प्रत्येक मोबाइल कंपनीने स्वतंत्र केबली टाकायच्या म्हटल्या तर छतात जागा पुरणार नाही. म्हणून सर्वांचे संकेत एका संयोजक पेटीत एकत्र करून सामायिक केबल, स्प्लिटर आणि छतातल्या लहान अँटेनांमधून खेळवले जातात. कंपन्यांच्या वारंवारता निराळ्या असल्याने त्या एकमेकींच्या आड येणार नाहीत, हे गृहीतक कागदावर बरोबर असते, पण धातूच्या सांध्यांत ते टिकतेच असे नाही.

कनेक्टर सैल असेल, त्यात तांब्याचा कीस अडकला असेल किंवा गंज धरला असेल, तर तिथून जाणारा प्रवाह विद्युतदाबाच्या सरळ प्रमाणात राहत नाही आणि दोन जोरकस लहरींच्या मिश्रणातून तिसरीच वारंवारता उपजते. यालाच निष्क्रिय आंतरमिश्रण किंवा, इंजिनिअरांच्या तोंडी, ‘पिम’ म्हणतात. ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ९३५ ते ९६० हा भाग फोनकडे येणाऱ्या आणि ८९० ते ९१५ हा फोनकडून जाणाऱ्या संकेतांचा. एका कंपनीचे प्रक्षेपण ९३६ वर आणि दुसरीचे ९५८ वर असेल, तर पहिलीच्या दुपटीतून दुसरी वजा होऊन ९१४ ही वारंवारता तयार होते, म्हणजे थेट फोनकडून जाणाऱ्या संकेतांच्या पट्ट्यात घुसते. मग फोनवर रेंज पूर्ण दिसते, पलीकडचा आवाजही येतो, पण फोनधारकाचे बोलणे पलीकडे पोहोचत नाही.

पिमची चाचणी बहुधा रात्री होते, कारण चाचणीच्या वेळी कंपन्यांचे संकेत काढून ठेवावे लागतात. उपकरणातून प्रत्येकी २० वॉटच्या दोन लहरी सोडतात आणि मूळ लहरीला एकावर पंधरा शून्ये इतक्या संख्येने भागले तर जे उरेल, त्यापेक्षा परत येणारे मिश्रण कमी आहे ना, हे पाहतात. तंत्रज्ञ शिडीवर चढून एकेका कनेक्टरवर पेचकसाच्या मुठीने हलकेच टकटक करतो. खालच्या पडद्यावरचा आकडा उसळला की तो सांधा उघडायचा, केबलचे टोक नव्याने कापायचे, कीस पुसून काढायचा आणि ठरलेल्या जोराला थांबणाऱ्या टॉर्क पान्याने आवळायचा. सगळे सांधे निर्दोष ठरूनही आकडा उतरत नाही, तेव्हा संशय फॉल्स सीलिंगच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर जातो. अँटेनासमोरची गंजकी पट्टीही मिश्रण घडवते आणि अँटेना हातभर सरकवला की दोष नाहीसा होतो.

प्रक्षेपणाची ताकद उतरवणे हा सोपा उपाय. दोन्ही लहरी निम्म्या केल्या तर हिशेबाने मिश्रण एक-अष्टमांशावर येते, मात्र दूरच्या कोपऱ्यातली रेंज जाते, त्यामुळे तो इलाज नव्हे, फार तर पुढची चाचणी होईपर्यंतची सोय. खरी अडचण जबाबदारीची आहे: दुसरी कंपनी बंद असताना पहिलीची चाचणी साफ उतरते, पहिली बंद असताना दुसरीची, आणि दोघीही खोटे बोलत नसतात. नवी कंपनी जोडली गेली की वारंवारतांच्या जोड्या बदलतात, म्हणून आधी निर्दोष ठरलेले सांधेही पुन्हा तपासावे लागतात. त्याचा खर्च कोणी उचलायचा, हा वाद मग शिडी उभी करण्याआधीच सुरू होतो.