लंडनचं पत्र : उपचार फसल्यावर

आयव्हीएफ या देशातच जन्मलं. 25 जुलै 1978 रोजी ओल्डहॅमच्या रुग्णालयात लुईस ब्राउन ही पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी 1986 साली ते यश मिळवलं. आज धाराशिवच्या लेकी-सुना त्याच आशेने सोलापूर, लातूर, पुणे गाठतात. उपचार फसला तर त्यांचं काय होतं, याबद्दल मला लिहायचं आहे.

इथल्या 1990 च्या कायद्याप्रमाणे समुपदेशकाशी बोलायची संधी दिल्याशिवाय बाईवर आयव्हीएफ करता येत नाही. बोलायचं की नाही, ही तिची मर्जी. पस्तिशीच्या आतल्या बाईलाही एका वेळच्या भ्रूणरोपणातून मूल होण्याची शक्यता निम्म्याहून कमीच असते. रोजची इंजेक्शनं, बीजं काढणं, भ्रूण सोडणं, मग दोन आठवडे वाट पाहणं आणि एका सकाळी पाळी येणं. जे गेलं ते कुणाला दाखवता येत नाही, म्हणून सांत्वनाला कुणी येत नाही. झोप उडते, घास उतरत नाही, बारशाचं बोलावणं आलं की धडकी भरते. हे आठवडेच्या आठवडे चाललं तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. मूल होत नसलेल्या स्त्रियांमधली मानसिक त्रासाची लक्षणं कर्करोगाच्या रुग्णांइतकीच असतात, असं अमेरिकेतल्या ॲलिस डोमर यांनी 1993 मध्येच दाखवलं होतं.

इथेही सगळं आलबेल नाही. चाळिशीच्या आतल्या बाईला सरकारी खर्चाने तीन फेऱ्या मिळाव्यात, अशी 2013 ची शिफारस. प्रत्यक्षात किती मिळतील ते ती कुठे राहते यावर ठरतं. लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठातल्या लॉरेन कली यांनी इथे स्थायिक झालेल्या, मूळ भारतीय उपखंडातल्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्या कुटुंबांत मूल नसल्याची लपवाछपवी आणि बाईलाच बोल लावणं त्यांना आढळलं.

भारताच्या 2021 च्या कायद्यातही समुपदेशन आहे; त्याचा भर मात्र यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आधी सांगण्यावर आहे. सगळं फसल्यावर एसटीने परंड्याला, भूमला परतणाऱ्या बाईची विचारपूस कोण करतं? 2015 मध्ये बळीराजा चेतना अभियान आपल्याच धाराशिव जिल्ह्यात आणि यवतमाळात सुरू झालं, तेव्हा शेतकऱ्याच्या मनाची काळजी हे सरकारचं काम ठरलं. तशीच काळजी आशाताईंनी या बाईची घ्यावी. नवऱ्याचीही तपासणी आधीच व्हावी, कारण मूल न होण्याचं मूळ पुरुषातही असू शकतं. आणि जावेच्या डोहाळजेवणात तिला ओटी भरण्यापासून कुणी अडवू नये. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत, मोफत, रात्रीसुद्धा बोलता येतं. हा आकडा तिच्यापर्यंत पोचवा.